सात गुडघे

आमच्या घरात दोन नाना होते आणि त्यातले एक नाना बाई होत्या. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांना समजावून सांगितलंय, की आता एकदाचं लिहूनच टाकते. पहिले नाना म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, साताऱ्याला राहणारे, झुबकेदार मिशांचे, पोस्टातून निवृत्त झालेले. दुसऱ्या नाना अबू धाबीत, खलिफा सिटीला, आमच्या डोक्यावर राहायच्या. अक्षरशः डोक्यावर. एका मोठ्या व्हिलाचे मालकाने तुकडे पाडून भाड्याने दिले होते, तिथे त्याला ‘पोर्शन’ म्हणतात. खालचा पोर्शन आमचा, वरचा त्यांचा. त्यांच्या भाषेत आजीला नाना म्हणतात, म्हणून नात एल्मा त्यांना नाना म्हणायची, आणि तिचं ऐकून अख्खी गल्ली, अगदी कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मलबारी माणूससुद्धा, नानाच म्हणायचा. आई बिचारी फोनवर साताऱ्याच्या काकूला सहज सांगायची, "अहो वहिनी, आज नानांनी डोक्याला ओढणी गुंडाळली आणि अंगणात सगळ्या चादरी वाळत घातल्या." पलीकडून काकूचा हळूच आवाज, "अगं सुधा, हे तर इथे माझ्यासमोर पेपर वाचतायत. कुणाच्या चादरी म्हणतेस?"

वरच्या घरात माणसं तीन. नाना, त्यांचा मुलगा इर्फानअंकल, जो विमानात जेवण पुरवणाऱ्या एका किचनमध्ये सुपरवायझर होता, आणि एल्मा, जी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. एल्माची आई ती लहान असतानाच गेली. पोरीला नानांनीच वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिची दुखणी काढली, आणि म्हणून एल्माच्या बाबतीत शेवटचा शब्द नानांचा. ही मंडळी इस्तंबूलची, पण तुर्क नव्हेत, बोश्नाक, म्हणजे मूळची बोस्नियाकडची. नानांचा जन्म बोस्नियाला लागून असलेल्या डोंगरातल्या एका खेड्यात झाला, आणि आठव्या वर्षी आईबापांबरोबर आगगाडीत बसून त्या तुर्कस्तानात आल्या. तिथे टेबलापलीकडच्या कारकुनाने त्यांचं जुनं आडनाव खोडलं आणि नवं दिलं. नव्या आडनावाचा अर्थ होता ‘अस्सल तुर्क’. नाना हे सांगताना दर वेळी इतक्या हसायच्या, की डोळ्यांत पाणी यायचं. "इस्तंबूल में सब बोलता, ये लोग बोश्नाक. बोस्निया गया, उधर मौसी का बेटा बोलता, देखो देखो, तुर्क आया. इधर बकालावाला बोलता, सीरियावाला मामी. नाना कौन है, नाना को मालूम नहीं!" आई त्यांना समजवायची, "मनावर घेऊ नका हो नाना. आम्हाला इथे सगळे मद्रासी म्हणतात."

नानांचं हिंदी हे असं. ते त्यांनी टॅक्सीवाल्यांकडून उचललं होतं, त्यामुळे त्या स्वतःबद्दलही पुरुषासारखं बोलायच्या. ‘नाना आता है, नाना खाता है.’ साताऱ्याच्या काकूने हे एकदा फोनच्या पार्श्वभूमीला ऐकलं आणि तिचा संशय पुन्हा बळावला.

त्या घराचा आवाज माझ्या कानात अजून आहे. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या छतावर धप्प व्हायचं. बाबा सुट्टीच्या दिवशी घरी असले तर पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "झाला सुरू भूकंप." नाना कणीक आपटत असायच्या. मग टेबलावर स्वच्छ चादर अंथरून त्यावर ती कणीक पडद्याच्या दांडीएवढ्या लांब लाटण्याने लाटायची, आणि हाताने ओढत ओढत इतकी पातळ करायची, की खालच्या चादरीवरची फुलं दिसली पाहिजेत. आईने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं नुसती उभी राहिली. तिच्या पोळ्यांचा आमच्या नात्यात दरारा होता. घरी आल्यावर म्हणाली, "बाई हुशार आहे," आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन वर गेली. ही भेट नव्हती, आव्हान होतं.

त्यांची मैत्री मात्र भांडणातून झाली. कणकेच्या त्या पापुद्र्यात खिमा भरून गुंडाळलं की ते बुरेक. आम्ही शाकाहारी, म्हणून नानांनी आमच्यासाठी बटाट्याचं केलं, आणि आई आनंदाने म्हणाली, "वा, काय बटाट्याचं बुरेक झालंय!" नानांचा चेहरा लालबुंद. "बुरेक मतलब गोश्त! आलू का बुरेक नहीं होता! आलू का क्रुम्पिरुशा होता! चीज का सिर्नित्सा होता!" कोणाचीही आई दुखावली असती. माझी आई खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "अगदी बरोबर बोललात. परवा एकीने माझ्या करंजीला गोड सामोसा म्हटलं. मी तिला परत करंजी दिली नाही." त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं. माझा भाऊ ओजस तेव्हा सहावीत होता, तो तिसरा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला, "हू केअर्स, इट्स यमी," आणि दोन्ही बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो ताट घेऊन बाहेर गेला.

आता खऱ्या भानगडीकडे येते. एल्माला तारिक आवडत होता. तारिक जुमेरा लेक टॉवर्समध्ये कुठल्याशा ऑफिसात काम करायचा आणि दर शनिवारी दुबईहून गाडी हाणत यायचा, दात दाखवायला. इतके दात कोणाचे किडतात? चौथ्या शनिवारी डॉक्टरनेच त्याला सांगितलं की हबीबी, तुझे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत, खलास, आता मुलीशी बोल. तारिक तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराचा, आणि तोही बोश्नाक. हे कळल्यावर नानांना कोण आनंद! दिवसभर गाणं म्हणत होत्या. संध्याकाळी त्या खाली आल्या आणि आईला गंभीरपणे म्हणाल्या, "लड़का अच्छा. अब घुटना देखना है."

"कुणाचा घुटना?"

"लड़के का. सात घुटना देखेगा नाना."

आई मला आत घेऊन गेली आणि कुजबुजली, "मंजू, मुलाचे गुडघे कशाला बघायचे? घोडा आहे का तो? आणि सात कुठून आणणार?" बाबांना वाटलं नानांचेच गुडघे दुखतायत, त्यांनी घरातली वेदनाशामक मलमाची बाटली नेऊन दिली. नानांनी ती आदराने ठेवून घेतली. शेवटी एल्माने येऊन उलगडा केला. त्यांच्या भाषेत गुडघा आणि पिढी यांना एकच शब्द. मुलामुलीच्या मागच्या सात पिढ्या तपासायच्या, त्यात एक जरी पूर्वज दोघांचा सारखा निघाला, तरी लग्न नाही. तुर्कांमध्ये चुलत-मावस भावंडांचीही लग्नं होतात, बोश्नाक लोक मात्र याबाबतीत ऐकत नाहीत, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात मोठा अभिमान.

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे सगोत्र! अगं मग असं सांगा ना सरळ!"

सगोत्रावर आमच्यात तोड असते, तीही आईने लगेच सांगून टाकली. मुलगी दुसऱ्या गोत्रातल्या घरी दत्तक द्यायची, त्यांनी कन्यादान करायचं, काम फत्ते. "लागलंच तर मी घेते एल्माला दत्तक," आई म्हणाली. नानांनी यावर खरोखर विचार केला. त्यांनी विचारलं, आडनाव काय लागेल? पेंडसे, आईने सांगितलं. "एल्मा पेंडसे," नाना दोनतीनदा पुटपुटल्या, आणि मग मान हलवली. "नहीं. खून तो वही. अल्ला को पेंडसे बोलके नहीं फसा सकता."

आम्ही हसलो, पण एल्मा हसली नाही. जिन्यात तिने मला गाठलं. मी चौदा वर्षांची, ती चोवीसची, तरी ती माझ्याशी बरोबरीने बोलायची, त्यामुळे मी तिच्यासाठी जीव दिला असता. तिने सांगितलं, की तुर्कस्तानात आलेले निम्मे बोश्नाक त्याच चारदोन दऱ्यांमधले. आडनावं कारकुनांनी बदलून टाकल्यामुळे कोण कुणाचं ते नावावरून कळत नाही, पण उकरायला लागलं की काहीतरी निघतंच. नानांनी स्वतःच्या पोटच्या मुलीचं, म्हणजे एल्माच्या आत्याचं, ठरलेलं लग्न पाचव्या गुडघ्यावर मोडलं होतं. आत्याने पुढे लग्नच केलं नाही. "नाना विल डू इट अगेन," एल्मा म्हणाली. "शी लव्ह्ज मी, अँड शी विल डू इट." मला रडूच आलं.

तारिकची आई बुर्साहून यायची होती आणि ती म्हणे वंशावळ छापून, लॅमिनेट करून आणणार होती. म्हणून नानांनीही ठरवलं, आपल्याकडे लेखी हवं. इर्फानअंकलला वेळ नव्हता, एल्माने साफ नकार दिला, मग नानांनी मला पकडलं. नानांचे उच्चार इंग्रजीत लिहायचे म्हणजे माझी भंबेरी उडायची, म्हणून मी सरळ देवनागरीत लिहायला लागले. आई दर शुक्रवारी आमच्याच हॉलमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची, त्यातलीच एक दुरेघी वही आणि पेन्सिल. नानांना आमची लिपी भयंकर आवडली. वरची रेघ बघून म्हणाल्या, "अच्छा है. सब नाम रस्सी पे सुखाता." चार दुपारी आम्ही बसलो. पहिला गुडघा इर्फानअंकल, दुसरा खुद्द नाना, मग नानांचे वडील इब्रो, मग सुल्यो, मेहो, अवदो. प्रत्येकाची एकेक गोष्ट. सुल्योने गाढव समजून अस्वल हाकलत आणलं होतं. मेहो इतका हट्टी, की भावाशी पैज लावून अकरा वर्षं बोलला नाही. सातवा होता हुसो. नदीवर त्याची पाणचक्की होती आणि त्याला एक डोळा नव्हता. मी लिहिलं, ‘७. हुसो. चक्की. एक डोळा.’

एका शनिवारी दुपारी पाहुणे आले. तारिक, त्याची आई सबिहा हानिम (हानिम म्हणजे आपल्या ‘बाई’सारखं), चॉकलेटांचं चांदीचं तबक आणि ती लॅमिनेट केलेली वंशावळ. शेजारी म्हणून आम्हीही वर. तुर्की रिवाजाप्रमाणे मुलगी मागायला आले की नवरीने सगळ्यांना कॉफी द्यायची, आणि नवऱ्यामुलाच्या कपात गुपचूप मीठ घालायचं. त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायली, तर मुलगा सोशिक. एल्मा इतकी घाबरलेली, की तबक फिरवताना कप उलटसुलट झाले. तारिकने कॉफी गटागट पिऊन म्हटलं, "वा, सुंदर!" आणि माझे बाबा दर घोटाला थोडे थोडे निळे पडत होते. त्यांना वाटलं, ही बोस्नियाची पद्धत असेल, पाहुण्याने नावं ठेवू नयेत. कप संपवून त्यांनी "व्हेरी नाइस, व्हेरी डिफरंट" म्हटलं. त्या परीक्षेत बाबांना पैकीच्या पैकी मिळाले.

मग नानांनी हातातली जपमाळ मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, पहिल्यांदा पाहुण्यांनी वाचावं. सबिहा हानिमने चष्मा लावला. एकेक नाव, एकेक गाव. एल्मा माझ्या शेजारी बसून कुजबुजत भाषांतर करत होती आणि प्रत्येक नावाला माझ्या मनगटात नखं रुतवत होती. पाच नावं झाली, सहा झाली, नानांचा चेहरा दगडासारखा. सातवं नाव आलं. "हुसो," सबिहा हानिम म्हणाली, आणि पुढे आणखी काही.

"नदीवर चक्की होती," एल्मा कुजबुजली. "एक डोळा नव्हता."

तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. आमच्या वहीतलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. त्या खोलीत देवनागरी वाचणारी माणसं आमच्या घरचीच, आणि वही माझ्या हातात. नाना म्हणाल्या, "मंजू, पढ़ो."

मी वाचलं. इर्फान. नाना. इब्रो. सुल्यो. मेहो. अवदो. आणि मग मी, पेंडसे मास्तरीणबाईंची मुलगी, जिने पाचवीपासून ऱ्हस्वदीर्घाची एक चूक केली नव्हती, तिने भर सभेत उकार गिळला.

"हसो."

"हसो?" सबिहा हानिमने विचारलं. हसो, हुसो, त्यांच्यात दोन्ही वेगवेगळी नावं. हसनचा हसो, हुसेनचा हुसो. तो काय करायचा, असं त्यांनी विचारलं. मला तुर्की येत नव्हतं, बोस्नियन येत नव्हतं आणि खोटं बोलायची सवय नव्हती. मला मेंढ्या सुचल्या. मेंढीला काय म्हणतात ते सुचेना, म्हणून मी तोंड वर करून म्हटलं, "बेंऽऽ."

सबिहा हानिमने समजून मान डोलावली. "आणि डोळे?" हे एल्माने भाषांतर केलं. मी दोन्ही हातांची दोन बोटं माझ्या दोन डोळ्यांवर ठेवली. ओजस म्हणाला, "व्हॉट इज शी डुइंग?" तेवढ्यात माझ्या खांद्यावरून आईचा चष्मा खाली आला. आई वहीत बघत होती. तिची नजर सातव्या ओळीवर थांबली. ही बाई दुकानांच्या पाट्यांवरचं मराठी खडूने दुरुस्त करायची. लग्नपत्रिका आली, की आधी लाल पेनाने तपासायची. मी डोळे मिटले.

"मंजिरी," आई म्हणाली. माझं पूर्ण नाव ती फक्त शिक्षेच्या वेळी घ्यायची. तिने माझ्या हातातली वही मिटली. "मंजिरी, सगळ्यांना पाणी आण."

मी पाणी आणलं. आणताना निम्मं सांडलं. परत आले तेव्हा नाना माझ्याकडे बघत होत्या, जपमाळेचा मणी दोन बोटांत धरलेला, पुढे सरकत नव्हता. मग तो सरकला. "तमाम," नाना म्हणाल्या, म्हणजे ठीक. सबिहा हानिमने उभं राहून रीतसर मुलगी मागितली, नानांनी हो म्हटलं, आणि एल्मा अशी रडायला लागली, की तारिकने घाबरून विचारलं, हिला नको आहे का?

मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. आई एवढंच म्हणाली, "उद्या वर जा आणि नानांना काय ते खरं सांग. मी सांगणार नाही. पण तू सांग." आजही मला वाटतं, की ओरडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी भूकंप सुरू झाला तेव्हा मी वही घेऊन जिना चढले. नाना कणीक आपटत होत्या. मी रडत रडतच म्हटलं, "नाना, सातवा..."

"सातवाँ हुसो," नाना म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "नाना पाँच साल का था, तब बाप ने सिखाया. सुबह क्या खाया, भूलता है. हुसो नहीं भूलता."

मग तुम्ही काल बोलला का नाहीत, असं मी विचारलं. नानांनी पिठाचे हात पुसले आणि खुर्चीत बसल्या. "मेरा बाप बोलता था, सातवाँ घुटना अंदर, शादी नहीं. मेरा चाचा बोलता था, सातवाँ बाहर, शादी चलेगा. दोनों झगड़ा करके मर गया." त्यांनी खांदे उडवले. "मेरा बेटी का पाँचवाँ था. उसमें झगड़ा नहीं था."

"आणि मी काल बरोबर वाचलं असतं तर?"

नाना माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "तो नाना ‘ना’ बोलता. सब के सामने सुना, तो ‘ना’ बोलना पड़ता." एल्मा वेडी नव्हती, तिचं भय खरं होतं. मी शेजारच्या खुर्चीत बसले, तिथे झाकून ठेवलेल्या कणकेवर बसले खरं म्हणजे, पण नाना रागावल्या नाहीत.

त्यांनी वही मागितली. सातवी ओळ दाखव म्हणाल्या. हुसोचा हसो कशाने होतो, ते चिन्ह कुठलं? मी ‘ह’च्या पायाशी लोंबणारा उकार दाखवला. "इतना सा?" त्यांनी माझं खोडरबर घेतलं, चष्मा वर केला आणि आपल्याच खापरखापरपणजोबाचा उकार जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून खोडला. मग मी बोट ठेवलं तसं पुढचं ‘चक्की’ खोडलं, ‘एक डोळा’ खोडलं, आणि वहीवर फुंकर मारली.

"तुम्हारा भाषा में ‘हसो’ कुछ होता है?"

"होतं," मी नाक पुसत म्हटलं. "हसू दे त्याला, असं."

नानांनी त्या ओळीकडे बघितलं. "एक आँख था, चक्की था, नौ बच्चा था," त्या म्हणाल्या. "कभी हँसा नहीं होगा बिचारा." आणि मग वहीवर थोपटून म्हणाल्या, "अब हँसो."